पालनाचा अधिकार

मनुष्य ज्या प्राण्यास आपल्या घरांत आणतो त्यास तो लौकरच आपला म्हणूं लागतो. आणि एकदां आपला म्हटला, कीं त्यास येथें कोणत्या हक्कानें ठेविलें, हा प्रश्न त्याच्या मनांतून बहुधा नाहींसा होतो. गाय, कुत्रा किंवा पोपट यांच्याविषयीं हें विस्मरण एक वेळ चालून जातें. भूक लागली असतां गाय हंबरते, कुत्रा दारांत येऊन बसतो, पोपट घर डोक्यावर घेतो. आपल्या हयगयीची वर्दी तेच आपणांस देतात. परंतु ज्यास आवाज नाहीं, डोळे नाहींत, मेंदूही नाहीं, अशा जीवाचें पालन पत्करणाऱ्यावर कांहीं कर्तव्य येतें किंवा काय? घरांतील कांचेच्या टाकींत समुद्राचें पाणी करून त्यांत मृदु प्रवाळ वाढविण्याचा छंद आतां आपल्या शहरांतूनही दिसतो. त्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंगठींत बसविलेलें तांबडें पोंवळें वाचकांच्या परिचयाचें आहे. तें ज्या जीवाचें, त्याच्याच विस्तृत कुळांतील हीं मृदु प्रवाळें होत. प्रत्येक लहान जीवास पिसासारख्या आठ भुजा असतात. मात्र यांच्या पोटीं दगडासारखा सांगाडा नसून मांसल अंगांत चुन्याच्या बारीक सुया तेवढ्या विखुरलेल्या असतात. घरीं पाळल्या जाणाऱ्या बहुतेक जातींच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वस्ती करून असतें व तें प्रकाशाच्या योगानें अन्न तयार करून त्याचा वांटा आपल्या यजमानास देतें. म्हणून या जीवांस दिवा हा शोभेचा नसून अन्नाचा असतो.

त्यांच्या गरजा मोजक्या, पण त्यांत सवलत नाहीं. पाण्याचें उष्णमान सुमारें २४ ते २६ अंश सेल्सिअस, क्षार दर हजारीं ३५ च्या आसपास, अंगावरून खेळता प्रवाह, आणि या सर्वांत दिवसेंदिवस टिकणारी समता. मुंबईसारख्या ठिकाणीं उन्हाळ्यांत पाणी तापतें, वीज जाते, पंप थांबतो. तेव्हां समुद्रानें बिनबोभाट केलेलें काम मनुष्यास एकाएकीं अंगावर घ्यावें लागतें. येथें हौशीपेक्षां नियमितपणाची परीक्षा अधिक. एकाच दिवशीं सर्व पाणी बदलणारा उत्साही मनुष्य जितका घातक, तितकाच महिनाभर टाकीकडे न पाहणारा आळशी.

कित्येकदां तर कांहीं न करणें हेंच पालन असतें. छत्रीच्या आकाराचें 'सार्कोफायटन' नांवाचें प्रवाळ मधूनमधून आपल्या भुजा मिटून घेतें, कित्येक दिवस तसेंच निस्तेज राहतें आणि अखेर अंगावरील मेणचट पापुद्रा टाकून पुन्हां उमलतें. नवखा पालक तें मिटलेलें पाहून घाबरतो. त्यास या दगडावरून त्या दगडावर हलवितो, दिवे बदलतो, औषधें ओततो, आणि मूळचा नसलेला रोग उत्पन्न करतो. येथें जाणता मनुष्य क्षार व उष्णमान तपासतो, प्रवाह नीट आहे एवढें पाहतो, आणि थांबतो. त्याचें थांबणें व अज्ञानी मनुष्याचें दुर्लक्ष हीं वरून सारखींच दिसतात. परंतु एकाच्या मागें निरीक्षण आहे, दुसऱ्याच्या मागें कांहींच नाहीं.

कोणी म्हणेल, ज्यास मेंदू नाहीं त्यास वेदना कसली, आणि वेदना नाहीं तेथें अपराध कसला? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तथापि कर्तव्य केवळ दुःखांतूनच उपजतें, हें आम्हांस मान्य नाहीं. प्रवाळास हित आणि अहित आहे. तें उमलतें, वाढतें किंवा झडून जातें, हें तर डोळ्यांस दिसतें. याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं त्याची अडचण पुष्कळदां आपणच निर्माण केलेली असते. हीं प्रवाळें शेजाऱ्यास दूर ठेवण्यासाठीं कांहीं विषारी द्रव्यें पाण्यांत सोडतात. समुद्रांत तीं अफाट पाण्यांत विरून जातात. टाकींत सांचतात व शेजारच्या कठीण प्रवाळांस बाधतात. म्हणून पालकास कोळशाची गाळणी ठेवावी लागते व ठराविक दिवसांनीं थोडें थोडें पाणी बदलावें लागतें. हें काम उपकार नव्हे, तें ऋण आहे. ज्यानें भिंत घातली, त्यानेंच भिंतीचे परिणाम निस्तरले पाहिजेत.

हें ऋण कोणाच्या हातून फिटतें, हेंही पाहण्यासारखें आहे. १८४६ सालीं अ‍ॅना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या टॉर्की गांवाहून कांहीं कठीण प्रवाळें लंडनला आपल्या घरीं नेलीं. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून तें उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत रोज अर्धा-पाऊण तास ओतावें लागे. आणि तें ओतण्याचें काम घरांतील मोलकरणीकडे असे. कौतुक एकाचें व कष्ट दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याही घरांस अपरिचित नाहीं.

आणि निव्वळ प्रेम तरी पुरेसें आहे काय? फिलिप हेन्री गॉस या धर्मनिष्ठ निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं 'दि अ‍ॅक्वेरिअम' हा ग्रंथ लिहिला, तो ईश्वराच्या सृष्टीविषयीं भक्ति वाढावी म्हणून. भक्ति वाढली, पण त्याबरोबर जाळीं आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर जाणारांची गर्दीही वाढली. खडकांमधील तीं सुंदर डबकीं कशीं उजाड झालीं, हें पुढें त्याच्याच मुलानें १९०७ सालच्या आत्मवृत्तांत खेदानें नमूद केलें.

यावरून पालकाचा पहिला धर्म नकार देण्याचा ठरतो. 'डेंड्रोनेफ्थिया' ही प्रवाळाची जात रंगानें अत्यंत मोहक; पण तिच्या अंगांत शैवाल नसल्यामुळें पाण्यांतून अखंड वाहत येणाऱ्या सूक्ष्म अन्नावरच ती जगते, आणि घरगुती टाकींत बहुधा उपासमारीनें मरते. ती विकत मिळते म्हणून घेणें हें पालन नव्हे. उलट, सार्कोफायटनची फांदी कापून दगडास बांधली तर तीपासून नवें प्रवाळ तयार होतें. अशी टाकींतच वाढलेली फांदी मित्राकडून घेणाऱ्यानें समुद्राचें नवें कांहीं घेतलें नाहीं. कायदा येथें अर्धीच वाट दाखवितो. भारतांत २००१ सालीं कठीण प्रवाळ, काळें प्रवाळ व समुद्रपंखे यांस वन्यजीव कायद्याचें कडक संरक्षण मिळालें. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत कठीण प्रवाळें आहेत, सार्कोफायटनसारखीं मृदु प्रवाळें नाहींत. जेथें कायदा गप्प आहे तेथें खरेदीदाराची सदसद्विवेकबुद्धि गप्प राहूं नये.

मग ही टाकी ठेवूंच नये काय? ज्यास रोजचें लक्ष देणें शक्य नाहीं, त्यानें ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास शक्य आहे, त्यास मात्र ती एक दुर्मिळ शिकवण देते. २०२३ पासून तापलेल्या समुद्रांमुळें जगभर प्रवाळें पांढरीं पडण्याचें जें संकट सुरू झालें, त्याचा तडाखा २०२४ सालीं आपल्या लक्षद्वीपासही बसला. आपल्या टाकींतील पाणी दोन अंशांनीं चढलें असतां जो मनुष्य रात्रीं उठून धांवाधांव करतो, त्यानें सकाळीं त्या मोठ्या पाण्याचाही विचार करावा. कारण तेंही आतां मनुष्याच्याच हातून तापत आहे, आणि तें बदलून घेण्यास दुसरें पाणी कोठेंही नाहीं.