मूळ गाणे, बदललेले गाणे आणि ऐकणाऱ्याचा अधिकार

एखाद्या कलाकृतीत तिच्या कर्त्याच्या संमतीने बदल झाला, त्या बदलामुळे ती कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोचली आणि या व्यवहारात कोणाचीही फसवणूक झाली नाही, तरीही मूळ कृतीच्या आस्वादकाला काहीतरी अन्याय्य घडले असे वाटत राहते. या वाटण्याला काही नैतिक आशय असतो, की ती केवळ दुखावलेल्या अभिरुचीची कुरकुर असते? संहिता आणि पाठांतर, मूळ आणि क्षेपक यांची चर्चा मराठी समीक्षेला नवी नाही. परंतु ती बहुधा ग्रंथांपुरती राहिली आहे. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका गाण्याच्या आधारे तपासावयाचा आहे. गाणे इंग्रजी आहे, ते इंग्लंडमध्ये झाले; मात्र त्याच्या शीर्षकात एका मराठी गायिकेचे नाव आहे.

१९९१ मध्ये लेस्टर येथे स्थापन झालेल्या 'कॉर्नरशॉप' या वाद्यवृंदाचे नावच उपरोधिक आहे. इंग्लंडात स्थायिक झालेला भारतीय म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या साचेबंद आणि तुच्छतादर्शक कल्पनेला त्याने दिलेले ते उत्तर होते. त्याचा प्रमुख गायक-कवी तजिंदर सिंग हा पंजाबी कुटुंबातला, पण इंग्लंडातच जन्मलेला. १९९७ मध्ये या वृंदाने 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे काढले. त्याचा विषय आशा भोसले आणि एकूणच पार्श्वगायन हा आहे: पडद्यावर न दिसणारा आवाज, पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी, घरातला साधा रेडिओ, आणि या साऱ्यांतून सामान्य माणसाला मिळणारा दिलासा. गाणे संथ आहे. गिटारचे थोडेसेच स्वरमेळ पुन्हापुन्हा येतात आणि गायक जणू स्वतःशीच बोलत राहतो. आशाबाईंचा आवाज त्यात नाही. आहे ते त्यांचे नाव.

ऑगस्ट १९९७ मध्ये हे गाणे ब्रिटिश विक्रीक्रमात साठाव्या स्थानापर्यंत पोचले आणि थांबले. परंतु जॉन पील या बीबीसीवरील नामवंत निवेदकाच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीच्या मतदानात त्याला पहिले स्थान दिले. तोवर ते एका चोखंदळ वर्तुळाचे गाणे होते. पुढे 'फॅटबॉय स्लिम' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या नॉर्मन कुकने त्याचा रीमिक्स केला. त्याने गती वाढवली, तिच्याबरोबर पट्टीही चढली, खाली ठसठशीत ठेका बसवला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये हे रूप थेट पहिल्या क्रमांकावर गेले. साठ आणि एक या दोन आकड्यांमध्ये आपला सगळा प्रश्न सामावलेला आहे. पहिल्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांना दुसऱ्याचे यश आपल्या गाण्याचे यश वाटेना. दुसऱ्यावर नाचणाऱ्यांना पहिले रटाळ वाटू लागले.

या वादात चोरीचा आरोप लागू पडत नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. कारण आपल्याकडे 'रीमिक्स' म्हणताच तोच आरोप आठवतो. भारतात या शब्दाने पुष्कळदा वेगळीच वस्तू ओळखली जाते. जुन्या गाण्याची चाल आणि शब्द घ्यावेत, ते नव्या गळ्यातून गाऊन घ्यावेत, त्यावर तालयंत्र चढवावे. मूळ आवाज बाजूलाच. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातील लताबाईंच्या 'काँटा लगा'चे २००२ मध्ये झाले ते असे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील तरतुदींनी अशा 'आवृत्ती-ध्वनिमुद्रणा'ला वाट ठेवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची प्रतीक्षा आणि इतर अटी घालून ती अरुंद केली. लताबाईंनी २०१८ मध्ये या प्रकाराविषयी जाहीर खंत व्यक्त केली, तेव्हा त्यांचा आक्षेप नव्या रूपाला नव्हता. मूळ स्वरूप बिघडवण्याला आणि मूळ कर्त्यांचे श्रेय पुसले जाण्याला होता. आशाबाईंनी मात्र १९९० च्या दशकातच लेस्ली लुईस यांच्यासोबत राहुल देव बर्मन यांची गाणी नव्या ठेक्यावर स्वतः पुन्हा गायली. दोघी बहिणींच्या भूमिकांत येथे अंतर दिसते. पण कर्त्याची संमती आणि कर्त्याचे नाव या दोन कसोट्या दोघींनाही मान्य होत्या असे म्हणता येईल. कॉर्नरशॉपचा रीमिक्स या दोन्ही कसोट्यांवर उतरतो. आवाज तजिंदरचाच, नाव वृंदाचेच, परवानगीही वृंदाचीच.

मग उरते काय? उरतो तो पहिल्यांदा सौंदर्यविषयक आक्षेप. लय ही कलाकृतीला बाहेरून चढवलेली गोष्ट नसून तिच्या घडणीचे तत्त्व असते, हे मर्ढेकरांपासून आपण मानत आलो आहोत. या गाण्याच्या उत्तरार्धात नावांची एक मालिका येते: गायक, रेडिओसंच, तबकड्या काढणाऱ्या कंपन्या. संथ रूपात प्रत्येक नावाला जागा मिळते. ते उच्चारले जाते, थोडे थांबते आणि मगच पुढचे येते. हे जवळजवळ नामस्मरणच आहे. द्रुत रूपात त्याच नावांचे ठोके होतात. येथवर आक्षेप रास्त आहे. पण गती वाढली की अर्थ हरवतो, हा त्यापुढचा निष्कर्ष आपल्याला तरी काढता येणार नाही. कीर्तनातला नामघोष संथपणे सुरू होतो आणि चढत जाऊन अशा टोकाला पोचतो की शब्द वेगळे ऐकूही येत नाहीत. त्या क्षणाला आपण अर्थहानी म्हणत नाही, तल्लीनता म्हणतो. भेद आहे तो वेगळ्या ठिकाणी. कीर्तनातली द्रुत लय त्याच मंडळींनी संथ लयीतून चालत येऊन मिळवलेली असते. रीमिक्स ऐकणारा थेट टोकालाच उतरतो. त्याला मिळालेला आनंद खोटा नाही. त्यामागची वाटचाल तेवढी त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, आणि म्हणूनच तो अधिक तपासला पाहिजे. 'हे गाणे आम्हाला आधी कळले होते' या विधानात माहितीपेक्षा हक्क अधिक असतो. हा अधिकारभेद झाला. कोणी काय ऐकावे आणि ऐकण्याची पात्रता कोणाची, हा प्रश्न ज्या भाषेच्या वाङ्मयाने आपल्या आरंभकाळीच धुडकावला, तिच्या अभ्यासकाने तरी या हक्काला सहज मान तुकवू नये. साठाव्या स्थानावरचे गाणे पहिल्या स्थानी गेले याचा अर्थ असाही होतो की, ज्यांच्या आईवडिलांना दुकानदार म्हणून हिणवले गेले त्यांनी घडवलेले, एका भारतीय स्त्रीच्या नावाचे गाणे हिणवणाऱ्यांच्या मुलांच्या ओठी बसले. ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र ती वाटते तितकी मोठीही नव्हे. नाव ओठी बसणे आणि नावामागची व्यक्ती माहीत होणे यांत फरक आहे. पहिली प्रसिद्धी, दुसरी ओळख. मूळ गाणे ओळख करून देण्यासाठी लिहिले गेले होते; एक मुलगा आपल्या घरातला रेडिओ शेजाऱ्याला दाखवीत होता. रीमिक्सने त्या नावाला प्रसिद्धी दिली, आणि प्रसिद्धीला रेडिओकडे वळून पाहण्याची गरज पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की असे नेहमीच होत आले आहे. खरे आहे, आणि आपल्या घरचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८८० च्या 'शाकुंतला'पासून मराठी संगीत नाटक प्रचलित चालींवर नवे शब्द बसवत आले. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी खाडिलकरांच्या पदांना रागदारीतल्या चिजांचे साज चढवले. आज सामान्य मराठी श्रोत्याला पद पाठ असते, चीज माहीतही नसते. ती कोठे ऐकलीच तर 'हे तर आपले नाट्यपद' असे तो म्हणतो. या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, अपहाराचा काळ म्हणत नाही. आशाबाईंचे वडील मास्टर दीनानाथ याच रंगभूमीचे गायक नट, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. पण चीज नाट्यपदामुळे मेली नाही. ती घराण्यांत, मैफलींत, शिष्यांच्या गळ्यात स्वतंत्रपणे जिवंत राहिली. नाट्यपदाकडून चिजेकडे परतीची वाट होती. अनेक श्रोते त्या वाटेने गेले आणि शास्त्रोक्त गायनाचे रसिक झाले.

एकनाथांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की, या ग्रंथात जो आपली ओवी मिसळील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. प्रक्षेपाविरुद्ध इतके कठोर शब्द मराठीत क्वचितच कोणी वापरले असतील. तेच एकनाथ भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी यांची लोकरूपे घेतात आणि त्यांचा आशय पार पालटून टाकतात. यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा निषेध बदलाला नाही, एकाच ताटात केलेल्या सरमिसळीला आहे. भारूड आपण भारूड असल्याचे सांगते. खरा वासुदेव त्यानंतरही सकाळी दारात येतच राहतो. प्रक्षिप्त ओवी मात्र आपण ज्ञानेश्वरांची असल्याचे भासवते आणि मूळ ओवीची जागा घेते.

ही कसोटी कॉर्नरशॉपला लावली तर निर्णय अवघडतो. रीमिक्स उघडपणे रीमिक्स म्हणूनच आला. ताट वेगळे होते. तरीही घडले ते जागा घेण्याचेच. आज बहुतेकांच्या कानात ते द्रुत रूपच गाणे म्हणून आहे, आणि मूळ कृती 'त्याचे संथ रूप' म्हणून ओळखली जाते. नंतरचे आधीचे झाले. गंमत अशी की यात दोषी कोणी नाही. कुकने कोणाला फसवले नाही, वृंदाने मोहाने काही विकले असे म्हणण्यास आधार नाही, श्रोत्यांनी तर केवळ आवडले ते ऐकले. आपल्या नैतिक विचाराला हानी दिसली की अपराधी शोधण्याची सवय आहे. येथे हानी आहे आणि अपराधी नाही. म्हणून मूळ गाण्याच्या चाहत्यांचा संताप दिशाहीन होता, कधी कुकवर, कधी श्रोत्यांवर निघत होता. पण तो निराधार नव्हता. त्यांना शोक म्हणायचे होते आणि त्यांनी अन्याय म्हटले, एवढेच.

हा प्रश्न यवतमाळात बसून लिहिताना दूरचा वाटत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. डफाच्या तालावर, रिंगण धरून, एकाने म्हणायचे आणि इतरांनी उचलायचे. आता लेंगीचे डीजे-रूप लग्नाच्या वरातीत वाजते. तजिंदर सिंगला विचारता आले. लेंगीच्या बाबतीत कोणाला विचारायचे? नायकाला, की गाणाऱ्या आजीला? प्रताधिकाराच्या भाषेत तिला कर्ताच नाही. आणि हे रूप करणारी मुले बाहेरची नाहीत, तांड्यावरचीच आहेत. त्यांनी बदल करू नये असे सांगण्याचा अधिकार, तांड्याबाहेर राहून लोकसाहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गाणे जे वाहतात त्यांना ते वाकवण्याचा अधिकार इतरांहून अधिक असतो. पण ध्वनिमुद्रित मूळ निदान तबकडीवर टिकते. लेंगीचे मूळ रिंगणातच असते. रिंगण थांबले तर परतीची वाटच राहत नाही, आणि ते डीजेमुळे थांबेल की स्थलांतरामुळे, हे वरातीकडे पाहून ठरवता येणार नाही. पुण्या-मुंबईकडे ऊसतोडीला आणि मजुरीला गेलेली माणसे होळीला परततात की नाही, हा त्यातला मोठा भाग आहे.

पदव्युत्तर विद्यार्थी लेंगीचे संकलन करतात तेव्हा त्यांच्या तक्त्यात 'मूळ पाठ' असा एक रकाना असतो. ग्रंथसंपादनाच्या शिस्तीतून आलेला हा रकाना येथे गैरलागू आहे, असे मी त्यांना सांगतो. त्याऐवजी पाठ कोणत्या तांड्यावरचा, कोणत्या होळीचा, कोणी उचलून धरलेला, डफ किती आणि गती कशी, हे लिहावे. डीजे-रूपालाही त्याच तक्त्यात स्वतंत्र नोंद मिळावी, करणाऱ्या मुलाच्या नावासह, आणि त्याने ती लेंगी कोणाकडून ऐकली हेही त्याला विचारावे.