वजन कमी झालं, ते गेलं कुठे?



रविवारी बालसंस्कारात आम्ही एक प्रयोग केला. काट्यावर वाटीत १०० मिली व्हिनेगर आणि कागदावर चमचाभर खायचा सोडा ठेवून वजन लिहिलं. सोडा वाटीत टाकला. फसफस थांबल्यावर वजन दोनेक ग्रॅम कमी भरलं! मुलं विचारू लागली, "गेलं कुठे?"

मग थंड पेयाची २ लिटरची प्लास्टिक बाटली घेतली (काचेची कधीही नको). तेवढंच साहित्य. सोड्याची पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावलं. वजन जसंच्या तसं! कार्बन डायऑक्साइड आतच राहिला. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८९ च्या ग्रंथात हाच नियम मांडला.

इतक्यात एक मुलगा म्हणाला, "मग माझी आजी पण कुठेतरी असेल ना?" आजीला जाऊन महिनाच झालाय. आम्ही गप्प झालो.

काटा पदार्थ मोजतो, आत्मा नाही. विज्ञानाचं नाव घेऊन मुलांना खोटा पुरावा देऊ नये. म्हणून आम्ही एवढंच म्हणालो, "बाळा, ते काट्यावर दिसत नाही, ते श्रद्धेनं धरायचं. पण आजीनं लावलेली सांजवातीची सवय तुझ्याकडे आहे. ती उडून जाऊ देऊ नकोस."

आज घरोघरी गेलेल्या माणसाची एक चांगली सवय आठवूया आणि चालू ठेवूया. गुरुमाऊलींची सेवा याहून वेगळी ती काय? 🌼