कागद आला, पण खोटं फिटलं का?

॥ श्रीगुरवे नमः ॥



एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. राहून गेलेलं शिक्षण मोठेपणी पूर्ण केलं, की ते इतकी वर्षं लपवलं होतं, त्याचाही हिशोब मिटतो का?

गोष्ट माझीच आहे. माहेर इंदूरचं. बारावीच्या मध्यावर वडील आजारी पडले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न ठरताना माहितीच्या कागदावर ‘बारावी पास’ असं लिहिलं गेलं. कोणी लिहिलं ते सोडा, मी खोडलं नाही एवढं खरं. नंतर कोणी विचारलंच नाही, म्हणून मला ते खोटं वाटेनासंही झालं.

आता आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात सिएटलजवळ राहतो. मुलगी मोठी झाली, तेव्हा बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम करावा म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात गेले. हे आपल्याकडच्या कॉलेजसारखं नाही. अठरा पूर्ण झालेल्याला इथे सहसा शाळेच्या दाखल्याशिवायही प्रवेश मिळतो. कोणी कामावरून सुटून संध्याकाळी येतं, कोणी नातवंडं सांभाळून. पण फॉर्मवर एक ओळ असते : हायस्कूल पूर्ण केलं आहे का? ‘हो’वर खूण करायला पेन टेकवलं आणि हात थांबला. घरच्या कागदावरचं खोटं चालून गेलं होतं, इथे पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायचं? ‘नाही’वर खूण केली.

तिथल्या बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. म्हणाल्या, मग दोन्ही बरोबरच करा. या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत मोठ्या माणसांसाठी ‘हायस्कूल प्लस’ नावाची सोय आहे. डिप्लोमा म्हटलं की आपल्याला पॉलिटेक्निक आठवतं. इथे हायस्कूल डिप्लोमा म्हणजे आपल्या बारावीसारखा दाखला. तुमच्या जुन्या गुणपत्रिका बघतात, नोकरीतला नि आयुष्यातला अनुभवही तपासून धरतात आणि उरलेलंच शिकायला लावतात. फी तिमाहीला साधारण २५ डॉलर. आणखी एक गंमत म्हणजे, एकवीस वर्षांवरचा विद्यार्थी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी पूर्ण करून लेखी अर्ज करतो, तर त्याला हायस्कूलचा दाखलाही मिळतो. वरची पायरी चढलात, म्हणजे खालची चढलातच, असं धरतात.

दाखल्यासाठी परीक्षेचा रस्ताही आहे. ‘जीईडी’ ही चार विषयांची परीक्षा १९४२ साली सैन्यातल्या तरुणांसाठी सुरू झाली. युद्धामुळे ज्यांची शाळा सुटली, त्यांना परत लहान मुलांच्या बाकावर बसवायचं नाही, हा विचार त्यामागे होता.

माझं खरं अवघड काम पुढेच होतं. अनुभव लिहून द्यायचा, पुराव्यासकट! मी दोन ओळी लिहिल्या, ‘गृहिणी. स्वयंपाक येतो.’ बाई म्हणाल्या, आणखी? मग आठवत गेलं. इंदूरला पापड-लोणच्यांच्या ऑर्डरी घेत होते, त्याचे हिशोब. सासूबाईंच्या औषधांची वही. मुलीच्या शाळेतलं मदतीचं काम. लिहिताना लाज वाटत होती, आपणच आपलं कौतुक करू नये हा संस्कार ना! पण मग लक्षात आलं, की नसलेलं ‘आहे’ म्हणणं जसं असत्य, तसंच असलेलं ‘नाही’ म्हणणंही. पहिल्याला आपण दोष देतो आणि दुसऱ्याला नम्रता म्हणतो, एवढंच.

इतिहास, नागरिकशास्त्र, गणित सगळं झालं. दाखला हातात आला. वाटलं, आता ‘बारावी पास’ खरं झालं, सुटलो! पण झोप काही लागेना. राहिलेला अभ्यास भरून निघाला होता, लपवलेली गोष्ट तशीच होती. चोवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आज खरं झालं, म्हणून ते तेव्हा खरं होत नाही.

शेवटी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हसून सोडून दिलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. “बारावी नव्हती याचं मला काही नाही गं. पण मी चारचौघींत सांगत होते ना, सून बारावी झालेली आहे म्हणून.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपलं खोटं आपल्यापाशी राहत नाही, आपल्या माणसांनाही ते बोलायला लावतं. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “आता खरं सांगीन. जास्त अभिमानाने सांगीन.”

तर मंडळी, दाखला काय काय ओळखतो ते कळलं. न शिकलेलं भरून काढता येतं, त्याला वयाची अट नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावी-बारावीला वयाची वरची मर्यादा नाही. पण न सांगितलेलं मात्र सांगूनच फेडावं लागतं.

आपल्या घरातही अशी एखादी काकू, एखादा दादा असेल, जो शिक्षणाचा विषय निघाला की पाणी आणायला उठतो. त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्यात जवळ बसा आणि म्हणा, राहिलं असेल तर करूया, मी आहे बरोबर.

शुभं भवतु.