जखमी शिपायाची घरपट्टी

घरपट्टी म्हणजे काय हे आमच्या वाचकांस समजावून सांगावे लागत नाही. ग्रामपंचायतीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारी येतो, आणि घर कुडाचे असो की माडीचे, त्याच्या मानाने काही रक्कम मागतो. त्या रकमेतून रस्त्यावरचा दिवा, नळाचे पाणी, गटाराची सफाई इत्यादि सोयी होतात. कोणी ती भरली नाही तर तितका भार बाकीच्यांवर पडतो, अथवा दिवा विझतो. तिसरा मार्ग नाही. ही साधी गोष्ट मनात धरून आज एका परदेशच्या कायद्याचा विचार करावयाचा आहे. तो कायदा उत्तम हेतूने झालेला आहे, म्हणून त्याची परीक्षा करणे कित्येकांस कठोरपणाचे वाटेल. परंतु ज्या गोष्टीस सर्वांनी एकमुखाने चांगले म्हटले तिची परीक्षा सहसा कोणी करीत नाही, आणि म्हणूनच ती करणे अगत्याचे असते.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास हे एक विस्तीर्ण संस्थान आहे. तेथे संस्थानचे सरकार स्वतः घरादारावर कर बसवीत नाही. १९८२ सालापासून तेथील घटनेनेच त्यास तशी मनाई केली आहे. घरावरील कर घेतात ते शहराची म्युनिसिपालिटी, कौंटी (हा आपल्या तालुक्याजिल्ह्यासारखा एक विभाग होय) आणि शाळांचे मंडळ. माणसाच्या प्राप्तीवर त्या संस्थानात करच नसल्यामुळे घरावरील कराचे ओझे बरेच जड असते, आणि तो थकला तर अखेर घर विकून वसूल करता येतो. अशा त्या मुलखात २००७ सालच्या नोव्हेंबरात लोकांनी मते देऊन घटनेत दुरुस्ती केली, व तिच्या आधारे २००९ साली कायदा झाला. त्याचा आशय असा की, फौजेतील नोकरीमुळे ज्यास अपंगत्व आले व ते शेकडा १०० आहे असे मध्यवर्ती सरकारच्या माजी सैनिक खात्याने ठरवून त्याप्रमाणे भरपाई चालू केली, त्या शिपायाने स्वतः राहत असलेल्या घरावर काडीचाही कर देऊ नये. २०११ साली लोकांनी पुन्हा मते देऊन हीच सवलत त्याच्या पश्चात त्याच्या विधवेसही दिली. व्हर्जिनिया संस्थानातही २०१० साली लोकांच्या मताने अशीच दुरुस्ती झाली.

आता प्रश्न असा आहे की, ही जी कर-माफी ती दान आहे की ऋणफेड? आणि ऋणफेड असेल तर ते ऋण कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास वेळ लागू नये. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. आज दिले, उद्या हात आखडला, तरी घेणाऱ्यास तक्रार करता येत नाही. परंतु ज्या माणसास राष्ट्राने बोलावून घेतले, आपल्या हुकुमाने तोफेपुढे उभे केले, आणि एक पाय वा दोन्ही डोळे गमावून घरी पाठविले, तो राष्ट्राच्या दारी झोळी घेऊन आलेला नाही. तो हिशेब मागण्यास आला आहे. जुन्या लोकांनीही हे ओळखले होते. इंग्लंडात १५९३ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांसाठी प्रत्येक पॅरिशवर दर आठवड्याची पट्टी बसविण्यात आली. पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्लिमथ येथे जी लहानशी वसाहत झाली तिने १६३६ साली ठरविले की, लढाईत पंगू झालेल्या शिपायाचा सांभाळ वसाहतीने करावा. १७७६ साली तेथील राष्ट्रसभेने, ज्याचा हात किंवा पाय गेला त्यास निम्मा पगार जन्मभर द्यावा असा ठराव केला खरा, परंतु सभेच्या तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून ते देणे एकेका संस्थानाच्या गळ्यात पडले. वाचकांनी हा शेवटला प्रकार नीट ध्यानात ठेवावा. वचन एकाने दिले आणि पैसा दुसऱ्याने भरला. आमच्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

कारण दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे. युद्ध करावे की न करावे हे वॉशिंग्टन येथे ठरते, आणि ते सर्व राष्ट्राच्या नावाने ठरते. तेव्हा त्या युद्धात जो मोडला त्याचे ऋण सर्व राष्ट्रावर आहे, हे उघड होय. मध्यवर्ती सरकार अशा शिपायास दरमहा भरपाई देते ती ह्याच न्यायाने. परंतु घरावरील कर माफ होतो तेव्हा मध्यवर्ती खजिन्यातून एक डॉलरही जात नाही. शिपाई ज्या गावात राहतो त्या गावाच्या पेटीतून तो जातो. समजा, एका गावी शंभर घरे सारख्या किमतीची आहेत, आणि गावाचा खर्च शंभर डॉलर आहे. प्रत्येकाने एकेक डॉलर द्यावा. त्यांत एक घर जखमी शिपायाचे असेल तर बाकी नव्याण्णव घरे एक सेंटाच्या आसपास अधिक देतील, आणि कोणास कळणारही नाही. पण तशी वीस घरे असतील तर उरलेल्या ऐंशींस सव्वा सव्वा डॉलर द्यावा लागेल. ऋण तेच, परंतु एका गावी ते सुपारीएवढे व दुसऱ्या गावी नारळाएवढे. आणि शंभर कोसांवर असलेले जे धनिकांचे शहर, जेथे असा शिपाई क्वचित राहतो, त्याच्या वाट्यास काहीच नाही.

हे केवळ कल्पनेचे गाव नव्हे. टेक्सासच्या मध्यभागी फोर्ट हुड नावाची लष्कराची प्रचंड छावणी आहे, आणि तिच्या वेशीला लागून किलीन हे शहर आहे. २०२० सालच्या शिरगणतीत त्याची वस्ती दीड लाखांवर भरली. नोकरी संपली म्हणजे पुष्कळ शिपाई त्याच परिसरात घर घेतात. तेथे त्यांचे जुने सोबती असतात, ओळखीची वाट असते, छावणीतील सोयीही जवळ पडतात. ह्यात नवल ते काय? पण त्यामुळे कर-माफ घरे त्याच एका शहरात दाटतात, आणि त्या शहरास पोलीस, आगीचा बंब व रस्ते हे सर्व उरलेल्या घरांच्या जोरावर चालवावे लागतात. उरलेल्या घरांत श्रीमंतच राहतात असे नाही. तेथे भांडी घासणारी बाई आहे, दुकानातील गुमास्ता आहे, आणि ज्यास शेकडा १०० चा दाखला मिळाला नाही असा दुसरा शिपाईही आहे. ह्या लोकांनी काय विशेष ऋण काढले होते, की जे संस्थानातील इतरांनी काढले नव्हते?

ही अडचण संस्थानच्या कायदेमंडळास दिसली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली त्याने ठरविले की, छावणीला लागून असलेले शहर किंवा जिच्या हद्दीत छावणी आहे ती कौंटी, ह्यांचे ह्या माफीमुळे होणारे नुकसान त्यांच्या सर्वसाधारण उत्पन्नाच्या शेकडा २ किंवा अधिक असेल, तर संस्थानने त्यांस मदत द्यावी. हे पाऊल योग्य दिशेने पडले. परंतु मदतीसाठी जेवढी रक्कम बाजूस काढलेली असेल तेवढ्यातच ती वाटावयाची असते, आणि मागणारे अधिक झाले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. पाहुण्यास जेवावयास बोलावून शेजाऱ्याच्या चुलीवर भाकऱ्या भाजवाव्या, आणि नंतर शेजाऱ्यास अर्धेमुर्धे पीठ परत करावे, तसे काहीसे हे झाले आहे.

आणखी एक गोष्ट मनास टोचते. ही सवलत माणसाच्या जखमेच्या मापाने मिळते, असे दिसते. पण बारकाईने पाहता ती घराच्या मापाने मिळते. दोघे शिपाई एकाच स्फोटात सारखेच पंगू झाले. एकाचे घर मोठ्या किमतीचे, त्याची माफी मोठी. दुसऱ्याचे लहान, त्याची लहान. आणि तिसरा कोणी भाड्याच्या खोलीत राहत असेल तर त्यास काहीच नाही, जरी घरमालक आपला कर भाड्यातच वसूल करीत असला तरी! ज्यास सर्वांत अधिक गरज तो सर्वांत रिता राहतो. शिवाय दाखल्याच्या पायऱ्याही विलक्षण आहेत. टेक्सासात अपंगत्व शेकडा १० ते २९ असल्यास घराच्या किमतीतून ५,००० डॉलर वजा धरतात, ३० ते ४९ असल्यास ७,५००, ५० ते ६९ असल्यास १०,०००, आणि ७० पासून पुढे १२,०००. म्हणजे अडीच लाख डॉलरांच्या घरात राहणाऱ्या शेकडा ९० च्या माणसास, इतर सवलती बाजूस ठेवल्या तर, दोन लाख अडतीस हजारांवर कर द्यावा लागतो. त्याच्या शेजारी तशाच घरात शेकडा १०० चा माणूस राहतो, त्यास शून्य. दोघांच्या दुःखात असे किती अंतर असेल? आणि हे शेकड्यांचे गणितही आमच्या पाठशाळेतील बेरजेसारखे नाही. एका जखमेचे ५० व दुसरीचे ५० मिळून तेथे १०० होत नाहीत. पहिल्या ५० नंतर जो अर्धा माणूस धड उरला त्याच्या निम्मे, म्हणजे २५, असे धरून ७५ होतात, आणि ते जवळच्या दशकात नेऊन ८० लिहितात. ह्या हिशेबात काही तर्क आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ८० आणि १०० ह्यांच्यामध्ये एका कुटुंबाचे छप्पर टांगलेले असावे, हे बरे नव्हे. मात्र जो जखमांमुळे कोणतेही काम करण्यास असमर्थ ठरला आहे, त्याचा आकडा खाली असला तरी खाते त्यास पुऱ्या १०० ची भरपाई देऊ शकते, व टेक्सासचा कायदा तोही दाखला मान्य करितो. एवढा शहाणपणा त्यात आहे.

इतके सर्व असता, ही माफी काढून टाकावी असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. घरावरील कराचा एक स्वभाव आहे, आणि तो ध्यानात घेतला म्हणजे माफी देणाऱ्यांनी हाच कर का निवडला हे समजते. प्राप्तीवरील कर प्राप्ती थांबली की थांबतो. दुकानातला कर वस्तू घेतली नाही तर द्यावा लागत नाही. परंतु घराचा कर, कमावता हात तुटला तरी दरसाल येतोच. आणि शहर वाढून शेजारी बंगले उठले तर, घरधन्याने एक वीटही न लावता, घराची किंमत फुगून तो वाढतोही. ज्या माणसाने जिना सोडून उतार बांधला, दारे रुंद करून चाकांची खुर्ची आत फिरेल असे केले, त्यास ते घर सोडून दुसरे शोधणे धडधाकटासारखे सोपे नसते. म्हणून त्याचे घर करापायी विकले जाऊ नये, ही खबरदारी न्यायाचीच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ही खबरदारी ज्याच्या नावाने घेतली त्यानेच तिची किंमत भरावी. माफी शिपायास पुरी मिळावी, आणि गावाच्या पेटीत पडलेली खिंड संस्थानने, किंबहुना मध्यवर्ती सरकारने, पुरी भरून द्यावी. जो भाड्याने राहतो त्यास घरपट्टीच्या ऐवजी रोकड साहाय्य मिळावे. आणि विधवेविषयी जी अट आहे, की तिने पुन्हा लग्न केले तर सवलत संपते, तिचाही फेरविचार व्हावा. नवऱ्याच्या जखमा तिने वर्षानुवर्षे धुतल्या त्या काही दुसऱ्या लग्नाने न धुतल्या अशा होत नाहीत. ह्यावर कोणी म्हणेल की दुसरा नवरा तिला पोशील. पण मग आपण पुन्हा दानाच्याच भाषेत बोलू लागलो.

हा विचार आमच्या गावांपासून दूर आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्र सरकारने २०२० साली बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या नावाने योजना काढून सर्व माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस घरपट्टी माफ केली. पूर्वी ही सवलत मुख्यतः शौर्यपदक मिळविणाऱ्यांपुरती होती. येथे जखमी व धडधाकट असा भेद नाही, म्हणून माफ होणारी घरे पुष्कळ अधिक. आता सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव घ्या. त्यास लोक अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामास आले. ज्या गावाने राष्ट्रास सर्वांत अधिक दिले त्याच गावच्या पंचायतीची पेटी अशा माफीने सर्वांत अधिक रिकामी व्हावयाची. आणि ज्या गावाने एकही शिपाई पाठविला नाही त्याचे सर्व दिवे पूर्ववत्‌ जळावयाचे. सैनिकाचा सन्मान सरकारने करावा, पण पाण्याच्या टाकीची दुरुस्ती सैनिकाच्या शेजाऱ्याने, बहुधा शेतमजुराने, करावी, असा तो हिशेब होतो.

ज्या गावांत माजी सैनिकांची घरे आहेत तेथील आमच्या वाचकांनी, विशेषतः लिहितावाचता येणाऱ्या उपदेशक-शिक्षकांनी, एक काम करावे. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा माफ झालेल्या घरपट्टीची रक्कम वेगळ्या ओळीत लिहावी अशी मागणी करावी, आणि ती भरून मिळावी म्हणून तालुक्यास अर्ज करण्याचा ठराव मांडावा. त्या अर्जावर पहिली सही गावातील माजी सैनिकांचीच घ्यावी. ते ती आनंदाने देतील.