गरजेपलीकडची भेट

नाताळ जवळ आला की घरोघरी एक लहानसा वाद सुरू होतो. कोणाला काय भेट द्यावी, हा तो वाद. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, द्यायचेच तर उपयोगाचे द्यावे. चादर द्यावी, डबा द्यावा, नाहीतर पाकिटात पैसे घालून द्यावेत. तरुणांची निवड निराळी असते. मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतील माणसांची गर्दी छापलेला चहाचा मग, बंजारा भरतकामाचा तुकडा जोडलेली उशी, रिक्षाच्या आकाराचा छोटा दिवा अशा वस्तू ते शहरातील दुकानांतून हौसेने निवडून आणतात. "हे कशाला?" असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते: "गंमत वाटली म्हणून."

या उत्तराला नीतीच्या दृष्टीने काही वजन आहे काय? प्रश्न वरवर हलका वाटतो; परंतु बीड जिल्ह्यात राहून तो विचारला की त्याचा भार जाणवू लागतो. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा पर्जन्यछायेतील प्रदेश. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या पिढीच्या मनातून गेलेल्या नाहीत, आणि २०१२ पासूनच्या चार वर्षांत पुन्हा पुन्हा पडलेले अवर्षण नव्या पिढीने स्वतः अनुभवले आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि चार-पाच महिने कोपीत संसार मांडतात. ज्या गावची निम्मी घरे हिवाळ्यात कुलूपबंद असतात, त्या गावाशेजारी राहणाऱ्याने रिक्षाच्या आकाराच्या दिव्यावर पैसे खर्च करावेत काय? हा प्रश्न बाजूला सारून कलेचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हा आक्षेप शुभवर्तमान वाचणाऱ्यांना नवा नाही. बेथानीच्या घरी मरियेने मौल्यवान जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हाच प्रश्न उठला. तेलाची किंमत तीनशे दिनार होती, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. ते विकून गरिबांना का दिले नाही? योहान हा आक्षेप यूदासाच्या तोंडी घालतो आणि त्याच्या मनातील खोटही सांगतो. म्हणून आपण तो चटकन झटकून टाकतो. परंतु मत्तयाच्या वृत्तान्तात तोच प्रश्न शिष्यांनी विचारला आहे. म्हणजे चांगल्या, सरळ मनाच्या माणसांनाही तो पडला होता. प्रभूने त्या स्त्रीच्या कृतीला सुंदर म्हटले. आणि त्याच वेळी गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत, या अनुवादाच्या ग्रंथातील वचनाचे स्मरण दिले. मूळ ठिकाणी त्या वचनाच्या पाठोपाठ गरिबासाठी हात सैल सोडण्याची आज्ञा आहे. उधळून दिलेले प्रेम आणि गरिबाचा हक्क या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांतील एक निवडून दुसरी टाकण्याची मुभा आपल्याला दिलेली दिसत नाही.

तत्त्वचिंतकांनीही खेळकरपणाला सद्गुणांच्या यादीतून वगळलेले नाही. अ‍ॅरिस्टॉटलने विदूषकी चाळे आणि रुक्षपणा या दोन टोकांच्या मध्ये प्रसन्न विनोदबुद्धीचा गुण मांडला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात तो विचार पुढे नेला. तेथे तो संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतो. योहान आपल्या शिष्यांसह खेळताना पाहून काही जणांना वाईट वाटले. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला पुन्हा पुन्हा बाण सोडायला लावले आणि विचारले, हे असेच अखंड चालेल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले. अक्वायनस एवढ्यावर थांबत नाही. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या निर्मळ आनंदात अडथळा आणतो, त्याचे वागणे तो सदोष ठरवतो. १९३८ साली डच इतिहासकार योहान हायझिंगा याने तर संस्कृतीच खेळातून आणि खेळाच्या रूपात उदयास येते, असे प्रतिपादन केले.

कोणी म्हणेल, हे पोटभर जेवलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले. दुष्काळी मुलखाला त्याचे काय? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच, अंबाजोगाईला आहे. दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी तेथे जतन केलेली आहे. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. थंडीपासून अंग झाकणे हा तिचा साधा उपयोग. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा, म्हणजे पाच महाभूतांपासून हे विश्व कसे घडले याचा, विषय ओव्यांत लिहिला आणि त्याच्या जोडीला आकृत्या काढल्या. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. इतके त्यांचे लेखन अफाट. कागदावर एवढे लिहिणाऱ्या पुरुषाला हा विषयही कागदावर लिहिता आला असता. त्यांनी पांघरुणाचे कापड घेतले आणि त्यावर ब्रह्मांड मांडले. पाहणाऱ्याला आजही प्रथम अचंबा वाटतो आणि मग हसू येते. तत्त्वज्ञान समजण्याची पाळी त्यानंतर येते. उपयोगाची वस्तू उपयोगाच्या सीमेपलीकडे नेणे हा खेळ आपल्या मातीला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

त्यासाठी दासोपंतांसारखे पांडित्यच हवे असेही नाही. ज्वारीची काढणी झाली की गावातील मुले वाळलेला धांडा सोलतात, सालीच्या काड्या आणि आतील भेंडाचे तुकडे एकमेकांत खोचून बैलगाडी करतात. पोळ्याला मातीचे बैल करतात. लग्नाच्या मांडवात मुलीकडची मंडळी रुखवत मांडतात; त्यात सजवलेले नारळ असतात, सुपारीच्या बाहुल्या असतात, मण्यांचे तोरण असते. या वस्तूंनी संसाराला काडीचाही हातभार लागत नाही. तरीही पैशाने ओढग्रस्त असलेल्या घरात आई, मावशी आणि शेजारणी रात्री जागून त्या करीत आल्या आहेत. मुलीला ताट-वाट्या दिल्याने तिची गरज भागते. रुखवत करणाऱ्या हातांनी तिच्यासाठी वेळ वेचलेला असतो, आणि ते तिला कळते.

भेटीचे मर्म येथे हाती लागते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, भेट कधीही पूर्णपणे मोकळी नसते; देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने तिच्यात गुंतलेली असतात. आपल्याकडील टॉवेल-टोपीचा आहेर आठवा. टॉवेलची घडी न मोडता तो एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतो. तो उपयोगी आहे खरा, पण देणाऱ्याने घेणाऱ्याचा क्षणभरही विचार केलेला नसतो. याउलट, रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना कोणी पत्र्याचे छोटे इंजिन दिले, तर त्या इंजिनात काकांची चाळीस वर्षे कोणीतरी लक्षात ठेवलेली असतात. खेळकर भेट चांगली ठरते ती अशा ओळखीमुळे. ही ओळख नसेल तर महागडी कलात्मक वस्तूदेखील टॉवेल-टोपीच होय; फक्त वेष्टन अधिक चकचकीत.

आता दुसरा पदर पाहू. भेट घेणाऱ्याइतकाच ती घडवणाराही या व्यवहारात असतो. १९६१ मध्ये बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत एक जत्रा सुरू झाली. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी खेळणी व लहानसहान वस्तू करून लोकांना विकू लागले. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या थोर चित्रकाराने लाकूड, चामडे आणि मणी वापरून खेळणी घडवली. मोठी कला आणि मुलाच्या हातातील खेळणे यांच्यात भिंत नसावी, हा त्यामागील विचार. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची चित्रेही आज टाइल आणि मग यांवरून सामान्य घरांत पोहोचली आहेत. घडवणारा स्वतः खेळत असला की त्याचा आनंद वस्तूतून पुढे जातो.

बंजारा भरतकामाची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांत तांडे आहेत. त्या तांड्यांवरील जुन्या पिढीच्या स्त्रियांनी आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांनी आपली फेटिया व कांचळी सजवली. हे भरतकाम बाजारासाठी नव्हते. स्वतःसाठी, लेकीसाठी, सणासाठी होते. आज त्याच नमुन्यांच्या उशा आणि पिशव्या शहरात हौसेने घेतल्या जातात. त्यांतील किती पैसा टाका घालणारीच्या हाती पडतो, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य आहे. त्याहूनही कठीण प्रश्न असा की, सहा महिने कोयता हाती धरणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या लेकीसाठी आरसा टाकण्याची सवड उरली आहे काय? तिच्या आजीचा खेळ आपल्या दिवाणखान्यात शोभा आणीत असेल आणि तिच्या स्वतःच्या घरातून तो नाहीसा झाला असेल, तर आपल्या सौंदर्यप्रेमात काहीतरी उणे आहे.

येथूनच आपण आपल्या दानधर्माकडे वळले पाहिजे. नाताळात आपण गरिबांना काय देतो? घोंगडी देतो, धान्य देतो, वह्या देतो. हे सर्व आवश्यक आहे आणि त्यात कपात करावी असे कोणीही म्हणणार नाही. तथापि आपल्या मनात नकळत एक विभागणी झालेली असते. आपल्या मुलांना गरजेच्या वस्तू मिळतातच, म्हणून त्यांना भेट म्हणून गंमत द्यायची. गरिबाच्या मुलाला भेट म्हणूनही गरजच द्यायची. जणू त्याच्या वाट्याला आनंद येणे हा वायफळ खर्च आहे. कोपीतले मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढ्यांच्या मोळ्या बांधते. पण त्याच मुलाला धांड्याची गाडी करताना पाहिले की कळते, खेळ त्याने सोडलेला नाही. आपणच तो त्याच्या गरजांच्या यादीतून खोडला आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ आणि कलाजीवनातील सहभाग हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला, आणि भारताने १९९२ मध्ये त्या संहितेला मान्यता दिली. हक्काच्या गोष्टीला चैन म्हणता येत नाही.

शिवाय यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करण्याचे शास्त्र आयुष्यभर मुलांपर्यंत पोहोचवले. पुण्याच्या आयुका संस्थेतील विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी मोडण्यासाठीच असतात, कारण मोडल्यावर मूल ती पुन्हा जोडते आणि शिकते. अशा खेळण्यात मूल हात पसरून उभे राहत नाही. ते घडवणारा होते.

म्हणून सुरुवातीच्या वादात दोन्ही पक्षांना थोडे थोडे पुढे सरकावे लागेल. वडीलधाऱ्यांनी एवढे मान्य करावे की, माणूस केवळ गरजांची बेरीज नाही आणि "गंमत वाटली" हे प्रेमाचेही कारण असू शकते. तरुणांनी खरेदीपूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: ज्याला ही वस्तू देणार त्याला मी खरोखर ओळखतो काय, ती घडवणाऱ्याला न्याय्य मोल मिळाले काय, आणि ही गंमत माझ्याच घराच्या उंबरठ्याशी थांबणार आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे सर्वांत अवघड आहे. येत्या नाताळात घोंगड्यांचे गठ्ठे बांधताना प्रत्येक घोंगडीच्या घडीत एक खेळणे ठेवता आले तर पाहावे. ते आपल्या मुलांनी स्वतः केलेले असावे, आणि शक्य झाल्यास ज्या मुलासाठी ते केले त्याचे नाव आधी विचारून घेतलेले असावे.