जेत्यांची प्रशस्ती आणि वीरगळांची साक्ष

डोंबिवलीजवळच्या कोपरला लगटून जाणारी उल्हास खाडी पुढे ठाण्याला वळसा घालून वसईजवळ समुद्राला मिळते. याच जलमार्गावरचे स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या सत्तेचे केंद्र होते, आणि 1060मध्ये पूर्ण झालेले अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्या वैभवाची साक्ष आजही देते. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर याचे 1259 आणि 1260 या वर्षांचे शिलालेख उरण परिसरातील रानवड व चांजे येथे मिळाले असून त्यांत तो स्वतःला कोंकणचक्रवर्ती म्हणवतो; परंतु त्यानंतर अवघ्या पाचेक वर्षांत देवगिरीच्या महादेव यादवाने त्याचे राज्य बुडवले.

या युद्धाची मुख्य लिखित हकीकत विजयी पक्षाकडूनच आली आहे. महादेवाचा अधिकारी हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ ग्रंथातील प्रशस्तीत, म्हणजे राजाच्या गौरवपर काव्यात, समुद्रावरील लढाईत बुडालेल्या सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातील वडवानल पत्करला, अशी कल्पना आहे. समुद्राच्या पोटात सदैव धुमसणारा अग्नी म्हणजे वडवानल. ही रचना देखणी असली तरी तिने एका राजाचे बुडणे शत्रूच्या प्रतापाचा अलंकार करून टाकले आहे, आणि त्याच्याबरोबर लढलेल्या नाविकांना तिच्यात स्थानच उरलेले नाही.

ते स्थान बोरिवलीतील एकसरच्या वीरगळांवर आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. त्याच्या खालच्या पट्ट्यात झुंज, मधल्या पट्ट्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्ट्यात शिवलिंगाची पूजा, असा सर्वसाधारण क्रम असतो. एकसरच्या शिळांवर डोलकाठ्या असलेली, वल्ह्यांच्या रांगांनी चाललेली, सैनिकांनी भरलेली जहाजे कोरलेली आहेत. त्या शिळांचा नेमका काळ कोणता, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी मात्र त्या याच यादव-शिलाहार संघर्षाशी जोडल्या आहेत. मतभेद जमेस धरूनही एक गोष्ट ठाम म्हणता येते, की या किनाऱ्यावरचे नौकायुद्ध कसे लढले जाई हे दाखवण्याचे काम या दगडांनी केले आहे, प्रशस्तीने नव्हे.

प्राचीन चीनमधील एका लढाईचा अनुभव येथे उपयोगी पडतो. इ.स.पू. 260मध्ये छिन आणि चाओ या राज्यांत चांगफिंग येथे झालेल्या लढाईनंतर छिनच्या सेनापतीने शरण आलेल्या सुमारे चार लाख चाओ सैनिकांना पुरले, असे सिमा छ्येन या इतिहासकाराने दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिले. 1995मध्ये त्या परिसरात उत्खनन झालेल्या एका खड्ड्यात शंभराहून अधिक सांगाडे निघाले, आणि त्यांतील अनेकांवर शस्त्रांच्या जखमा होत्या. म्हणजे ते जिवंत पुरले गेले नसून आधी मारले गेले होते. चार लाखांचा आकडा हाडांनी सिद्ध केला नाही, पण मरण कसे आले ते सांगितले. ग्रंथ अशा भौतिक साक्षीशी ताडून पाहणे हाच इतिहासाचा प्रामाणिक मार्ग आहे.

यादवांचे अधिकारी पुढे ठाण्यातून कारभार पाहू लागले. त्यांचे 1272 आणि 1290चे ताम्रपट उपलब्ध आहेत. राजवटीचे दस्तऐवज असे जपले जातात, वीरगळ मात्र वस्तीत कुठे शेंदराखाली झाकले जातात, कुठे बांधकामात गाडले जातात. ठाणे-कल्याण पट्ट्यातील प्रत्येक गावच्या वीरगळाची जागा, मोजमाप आणि छायाचित्र यांची नोंद स्थानिक महाविद्यालयांनी आणि पालिकांनी आताच करावी.