एवढा कल राहू दे

पांडुरंगा,

तू विटेवर ताठ उभा, आणि पृथ्वी मात्र साडेतेवीस अंशांनी कललेली. तिचा हा कल सरळ करू नकोस, एवढंच मागायला आलो आहे.

लोक तुझ्याकडे वाकडं ते सरळ कर म्हणून येतात, माझं उलटं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, आणि त्याच दिवसांत निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. जुलैच्या सुरुवातीला, वारीच्या सुमारास, ती त्याहून 50 लाख किलोमीटर लांब गेलेली असते. तरी उकाडा आणि पाऊस आमच्या वाट्याला तेव्हाच, कारण तेव्हा आमची बाजू सूर्याकडे झुकलेली असते. या झुकण्यानेच आमची जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, आणि पार दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून धावत येतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ते उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्राचं पाणी घेऊन सह्याद्रीला भिडतात. कल नसता तर कसला मृग आणि कसली पेरणी!

मेच्या मध्यावर पुण्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, गच्चीत सरळसोट पेला उपडा ठेवला की त्याची सावलीच सापडत नाही. पेला उचलावा तर खाली तापलेली फरशी. थोड्या वेळाने पूर्वेकडे केसाएवढी काळी रेघ फुटते. जुलैअखेरीस हेच पुन्हा घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं. बघायला कोण जातंय!

चंद्राची ओढ आहे म्हणून हा कल फारसा डगमगत नाही म्हणे. सुमारे 41,000 वर्षांच्या फेऱ्यात तो 22.1 ते 24.5 अंशांमध्ये हलतो, तेवढं चालेल. चंद्र मात्र दरसाल 3.8 सेंटिमीटर लांब सरकतो आहे. त्याच्यावर लक्ष असू दे.

आकाशगंगेच्या मध्यापासून 26,000 प्रकाशवर्षं दूर, आडफाट्यावरच्या वस्तीसारखे आम्ही. 14 फेब्रुवारी 1990 रोजी व्हॉयेजर-1 ने 600 कोटी किलोमीटरवरून आमचा फोटो काढला, त्यात अख्ख्या पृथ्वीने एक ठिपकाही पुरता भरला नाही. तिथून कल कुठला दिसायला? तुला दिसतो, असं धरून चाललो आहे.

हल्ली पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि मग पंधरवडाभर दडी मारतो. त्यात आमच्या धुराचाही हात आहे. ते तुझ्या माथी मारत नाही. 21 जूनला सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचतो, आणि त्याच सुमारास आर्द्रा लागतात. मृग कोरडा गेला असेल, विठ्ठला, तर आर्द्रा तरी चुकवू नकोस. बियाणं घरात आणून ठेवलं आहे.